वखारीचा परवाना परत करताना

आमच्या लाकडाच्या वखारीतला आरा 2019 सालीच थांबला. पण आरा थांबणं वेगळं आणि सरकारदरबारी वखार बंद होणं वेगळं, हे मला यंदा कळलं. 6 जानेवारी 2025 ला पहिल्यांदा वनखात्याच्या कार्यालयात चौकशीला गेले आणि आरागिरणीचा परवाना रद्द झाल्याचं पत्र 11 जुलैला हातात पडलं. मधल्या सहा महिन्यांत मी जे खेटे घातले, ते कुणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून लिहून ठेवतेय. जुना वाडा पाडून त्यातलं सागवान दुसरीकडे न्यायचं असेल त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी थोडं वखारीबद्दल. ठाण्यात खाडीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत माझ्या आजोबांनी 1958 साली पागडीने जागा घेतली. तेव्हा त्या गल्लीत आठ वखारी होत्या. बहुतेक कच्छी पटेलांच्या, दोन मराठी. वर माळ्यावर शेठ लोकांची बिऱ्हाडं, खाली ओंडके. हमाल, गाडीवान, आऱ्याच्या पट्ट्याला धार लावणारा कारागीर, कोपऱ्यावर चहावाला, भुसा पोत्यात भरून विकणारी एक मावशी, असा अख्खा संसार लाकडावर चालायचा. भुशाची शेगडी आठवते का कुणाला? मध्ये बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, मग बाटली अलगद वर ओढायची आणि त्या भोकातून जाळ पेटवायचा. आमच्या घरी गॅस आल्यावरही आजी आंघोळीचं पाणी त्याच शेगडीवर तापवायची. भुसा फुकट होता ना.

आज आठांपैकी एकही वखार चालू नाही. सहांच्या जागी इमारती उभ्या आहेत. आमची सातवी. जागामालकांनी पुनर्विकासाचं ठरवलं, आमचा करार झाला आणि 31 मेपर्यंत जागा रिकामी करून द्यायची होती. अण्णा (माझे वडील, वय 79) म्हणाले, "मशीन भंगारात गेलं तरी चालेल. शेडचं सागवान मात्र गावी न्यायचं." गाव मुरबाड तालुक्यात. तिथल्या घराची पडवी कधीपासून पडायला आलेली.

माझी कल्पना अशी की टेम्पो बोलवायचा, लाकूड भरायचं, न्यायचं. आपलंच तर आहे! अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वखारवाल्याची मुलगीच नव्हे. भारतीय वन अधिनियम 1927 चा, आणि त्याच्या कलम 41 नुसार लाकडाच्या वाहतुकीवर नियम करायचा अधिकार राज्य सरकारकडे. आपल्याकडे 2014 ची महाराष्ट्र वन नियमावली आहे. साग म्हटलं की वाहतूक परवाना हवाच. लाकूड साठ वर्षांचं असलं, छपरात खिळलेलं असलं, तरी गाडीत चढलं की ते तपासणी नाक्यावरच्या माणसाच्या लेखी नुसतं सागवान असतं. ते कालच तोडलेलं नाही हे कागदाने सांगावं लागतं.

तर कामं दोन होती: आरागिरणीचा परवाना परत करणं आणि लाकडाचा वाहतूक परवाना घेणं. मी दोन्ही एकाच अर्जात लिहून 6 जानेवारीला घेऊन गेले. खिडकीवरच्या बाईंनी वाचून शांतपणे परत दिला. दोन विषय, दोन अर्ज. शिवाय परवाना अण्णांच्या नावावर, सही माझी. अण्णांचे गुडघे गेलेत, ते जिना चढू शकत नाहीत, म्हणून अधिकारपत्र करावं लागलं. नोटरी, स्टॅम्प, झेरॉक्स आणि अण्णांचे नवे फोटो मिळून 1,150 रुपये गेले. अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावाने, सोबत परवान्याची मूळ प्रत, मागच्या नूतनीकरणांच्या पावत्या, जागामालकांचं नाहरकत पत्र, आणि वीजजोडणी कायमची बंद केल्याचा दाखला. हा शेवटचा कागद आधी मिळवा. औद्योगिक जोडणी चालू असेपर्यंत आरा बंद आहे यावर कोण विश्वास ठेवणार? थकबाकी आमच्यावर नव्हती, तरी मीटर काढून दाखला हातात यायला दोन आठवडे गेले. 20 जानेवारीला दोन्ही अर्ज आवक-शिक्का मारून दाखल केले. शिक्का मारलेली आपली प्रत जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक भेटीत पहिला प्रश्न आवक क्रमांकाचाच असतो.

लाकडाच्या यादीने मात्र माझा घाम काढला. शेडमध्ये 14 गोल खांब, 26 तुळया, 40 वासे, म्हणजे एकूण 80 नग. अण्णा खुर्चीवर बसून सांगत होते, मी टेप धरत होते. गोल लाकूड मोजायची वखारीची रीत अशी: मधोमध दोरी गुंडाळून गोलाई घ्यायची, तिचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. 36 इंच गोलाईचा 10 फुटी ओंडका असेल तर चौथा हिस्सा 9, वर्ग 81, गुणिले 10 भागिले 144, म्हणजे साडेपाच घनफुटांच्या किंचित वर. शाळेतलं वर्तुळाचं सूत्र लावलं तर तोच ओंडका सात घनफुटांच्या पुढे जातो. मी अण्णांना म्हटलं, दीड घनफूट गेलं कुठे? ते म्हणाले, "तो साल आणि भुशाचा वाटा. गिऱ्हाइकाने फळीचे पैसे द्यायचे, भुशाचे कशाला?" इंग्रजांनी आणलेलं हॉपसचं गणित ते हेच. अण्णांना ते नाव माहीत नाही, गणित तोंडपाठ आहे.

बेरीज आली 167 घनफुटांच्या आसपास. मी तशीच फूट-इंचांत यादी दिली. आठ दिवसांनी फोन आला, प्रत्येक नगाची मापं मीटर-सेंटीमीटरमध्ये हवीत, घनमापही घनमीटरमध्ये. एक घनमीटर म्हणजे 35.315 घनफूट, तेव्हा एकूण 4.72. पुन्हा 80 ओळी. ही चूक सर्वस्वी माझी. यादी करतानाच दोन्ही मापं लिहा, आणि प्रत्येक नगावर खडूने क्रमांक टाका. खडू पुसला जातो, ऑइलपेंट टिकतो, हे दुसऱ्या वेळी कळलं.

18 फेब्रुवारीला वनपाल आणि वनरक्षक पाहणीला आले. सकाळी अकराची वेळ, आले साडेबाराला, पण मग तीन तास उन्हात उभं राहून एकेक नग तपासला. पहिली गोष्ट त्यांनी केली ती आऱ्याचा पट्टा उतरवलेला आहे का ते पाहिलं. आमच्या बँडसॉची दोन चाकं 36 इंची, त्यावर चढणारा पट्टा जवळजवळ वीस फुटांचा. उतरवून गुंडाळून भिंतीला टांगलेला होता, गंजून तांबूस झालेला. लहानपणी पट्टा तुटल्याचा आवाज मी एकदा ऐकलाय. चाबूक फुटावा तसा आवाज, आणि क्षणभर सगळी गल्ली गप्प. त्या दिवसापासून मला ओंडका आऱ्याकडे ढकलणाऱ्या ट्रॉलीच्या रेघेच्या आत पाऊल टाकायची बंदी होती. वनरक्षकांनी मशीनचा फोटो काढला, मोटारची वायर तोडलेली आहे असं पंचनाम्यात लिहिलं.

मग खांबांची पाळी. यादीत 14, जागेवर 12. माझ्या पोटात गोळा. दोन खांब जुन्या पत्र्यांच्या ढिगाखाली होते, मजुरांनी आदल्या दिवशी सरकवलेले. पत्रे हलवून ते दाखवले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्यानंतर वनपालसाहेबांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला अजिबात तयारी नव्हती: "हे लाकूड मुळात आलं कुठून?"

1961 सालच्या शेडचं बिल कोण ठेवतं? मी सरळ सांगितलं, आजोबांनी बांधलं, एवढंच माहीत. ते म्हणाले, तोंडी चालत नाही, काहीतरी आधार द्या. पंचनामा झाला, पण त्या रकान्यापुढे जागा मोकळी राहिली.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "वह्या बघ."

वह्या म्हणजे वखारीची आवक-जावक रजिस्टरं. आरागिरणीला ही ठेवावीच लागतात. ओंडका कुठून आला, कोणत्या पासावर, म्हणजे वाहतूक परवान्यावर, आला, किती कापला, किती फळ्या निघाल्या, कुणाला गेल्या. अकरा वह्या एका पत्र्याच्या पेटीत होत्या, आणि खरं सांगते, मी त्या रद्दीत द्यायच्या बाजूला काढलेल्या. दोन रात्री बसून पानं उलटली. आजोबांचं अक्षर मोठं, मात्रा तलवारीसारख्या. 1961 च्या पावसाळ्याआधीच्या एका पानावर सापडलं: पास क्रमांक, ठिकाण खर्डी, जात साग, नग 14, गोलाई, लांबी, आणि शेवटच्या रकान्यात, जिथे गिऱ्हाइकाचं नाव असतं तिथे, "स्वतःचे शेडसाठी".

दुसऱ्या दिवशी मी वखारीत जाऊन त्या सुट्या दोनांपैकी एका खांबाच्या तळाचा चुना खरवडला. लाकडाच्या तोंडावर, वर्षांच्या वलयांच्या मधोमध, दोन खुणा ठोकलेल्या दिसल्या. एक साधी फुली आणि एक गोल शिक्का, आत पुसट अक्षरं. बोट फिरवलं तर अजून लागतात. एक खूण मालकाची, दुसरी वनखात्याच्या हातोड्याची. असा शिक्का खोटा मारणं किंवा खरा खोडणं हा 1927 च्या कायद्यात कलम 63 खाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. मी चुना खरवडताना मूळ खुणेला हात लागू नये म्हणून जीव मुठीत धरून काम केलं, ते नंतर हसण्यावारी नेलं सगळ्यांनी.

खुणांचे फोटो आणि वहीच्या त्या पानाची साक्षांकित प्रत 25 फेब्रुवारीला जोडली. मोकळा रकाना भरला गेला.

त्यानंतर मला वह्यांचं वेडच लागलं. तपासणीसाठी मूळ वह्या कार्यालयात द्याव्या लागणार होत्या, म्हणून त्याआधी सगळ्या स्कॅन करून घेतल्या. 960 पानं, पानाला 4 रुपये, 3,840 रुपये. पैसे वसूल. त्या रकान्यांत आमच्या गल्लीचा सगळा इतिहास आहे आणि तो इतर कुठे नाही. ठाण्यात वखारी का आल्या हे मी आधी कधी विचारलंच नव्हतं. 1882 चा ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर शासनाच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर आहे, त्यात जंगलांवर पानंच्या पानं आहेत. शहापूर, वाडा, मुरबाडकडचं लाकूड बैलगाड्यांनी खाडीच्या बंदरांना यायचं आणि तिथून गलबतांत चढून मुंबईला जायचं. मग आगगाडी आली. 1853 ला ठाण्यापर्यंत, 1854 ला कल्याण, 1861 च्या पहिल्याच दिवशी कसाऱ्यापर्यंत. आटगाव, खर्डी ही आपण ट्रेकला जाताना उतरतो ती स्टेशनं त्याच वाटेवरची. पहिल्या रेल्वेचं कौतुक ठाणेकरांना सांगायला नको, पण त्या रुळांखालच्या स्लीपरांसाठी किती झाडं गेली हे आपण तलावपाळीवर भेळ खाताना बोलत नाही.

आजोबांच्या वह्यांत सुरुवातीला खर्डी, मोखाडा, जव्हार. सत्तरच्या दशकात आहवा वाढतं, म्हणजे डांगचा साग. मग बल्लारशा. जंगल जसजसं लांब गेलं तसतशी ठिकाणं लांबत गेली. 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन खटल्यातला आदेश आला आणि देशभरच्या जंगलतोडीवर आणि वनक्षेत्रातल्या आरागिरण्यांवर टाच आली. आमची गिरणी शहरात, परवान्याची, ती वाचली. पण अण्णा सांगतात, तो हिवाळा सगळी गल्ली रोज पेपरची वाट बघायची. त्यानंतरच्या वह्यांत देशी गावांची नावं विरळ होतात आणि घाना, बर्मा, मलेशिया येतात. एप्रिल 2014 पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली, तिथे बर्माही संपतं. शेवटच्या वहीत तर निम्मी पानं कोरी. लोक प्लायवुड घेऊ लागले होते. मला दोष देता येत नाही, माझ्याही स्वयंपाकघरात प्लायच आहे.

असो. मार्च बजेट-एंडिंगमध्ये गेला. मी बँकेत काम करते, मार्चमध्ये कुणाकडून काही अपेक्षा ठेवू नये हे मला वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये दोनदा चौकशी केली. 9 मेला कळलं की वाहतुकीला हरकत नाही, आता शेड उतरवा, वाहनाचा नंबर आणि तारीख कळवा. म्हणजे आधी परवानगी, मग उतरवणं. उत्साहात आधीच छप्पर मोकळं करून बसू नका, पाहणीच्या वेळी लाकूड जागेवर दिसलेलं बरं. चार मजूर, तीन दिवस, 12,000 रुपये. खिळे काढायला निम्मा वेळ गेला. जुन्या सागात खिळा असा धरलेला असतो की बाहेर येताना किंचाळतो.

वाहतुकीच्या पासावर वाहन क्रमांक, नगांची संख्या, घनमाप, कुठून-कुठे, मार्ग आणि मुदत असते. आमचा पास शुक्रवार 23 मेचा. ठाणे, कल्याण, शहाड, मुरबाड. सकाळी सातला टेम्पो यायचा, दहाला फोन, की क्लच गेला. वाहतूकवाला म्हणे, "मॅडम, दुसरी गाडी पाठवतो, काय फरक पडतो?" फरक पडतो! पासावरचा नंबर आणि गाडीचा नंबर जुळला नाही तर नाक्यावर सगळं खाली उतरवायची पाळी. मी कार्यालयात धावले, पण दुरुस्तीवर ज्यांची सही लागते ते साहेब दौऱ्यावर. पुढे चौथा शनिवार आणि रविवार. आता सोमवारशिवाय गत्यंतर नाही.

सोमवार म्हणजे 26 मे 2025. त्या दिवशी मान्सून मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर तो आल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. गुडघाभर पाण्यातून मी पास दुरुस्त करायला गेले, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत कागद. सही झाली दीड वाजता. 80 नग पावसात भरले, वर दोन ताडपत्र्या. भाडं 11,500 ठरलं होतं, पावसाचे म्हणून 2,000 वर मागितले, मी दिले, भांडायची ताकद नव्हती. म्हणून सांगते: वाहतूकवाल्याकडून राखीव गाडीचा नंबर आधीच घ्या, पास घेताना विचारून बघा काही सोय होते का. आणि शुक्रवारचा पास शक्यतो घेऊच नका.

मी टेम्पोत पुढे बसून गेले. नाक्यावर थांबवलं, वनरक्षकांनी ताडपत्री उचलून नग मोजले, पासावर वेळ टाकून सही केली. पाच मिनिटं. साडेचार महिन्यांच्या धास्तीचा शेवट पाच मिनिटांत झाला याचा थोडा रागच आला. मुरबाडच्या पुढे पाऊस थांबला, आणि ओल्या सागाला तो वास सुटला. तेलकट, चामड्यासारखा. साठ वर्षांचं लाकूड, तरी भिजलं की अजून वास येतो.

घरी उतरवताना आतेभाऊ म्हणाला, भिजलं, आता वाकणार. गावच्या सुताराने तुळईला नखाने टोचून पाहिलं आणि सांगितलं, "वरवर ओलंय. सावलीत फळ्यांवर आडवं रचा, मधे वारा जाऊ द्या, दिवाळीनंतर बघू." तसंच रचलंय.

बँडसॉ भंगारात गेला. कुणी वस्तुसंग्रहालयात देऊ पाहील म्हणून मी तीन ठिकाणी फोन केले, जागा कुणाकडे नव्हती. दोन चाकांपैकी एक ठेवून घ्यायची इच्छा होती, पण वजन पाहून सोडली. ट्रॉलीची लाकडी मूठ तेवढी पिशवीत घालून आणली. 31 मेला किल्ल्या दिल्या. जूनमध्ये वह्यांची तपासणी झाली, शिल्लक शून्य असल्याची नोंद झाली, आणि 11 जुलैला परवाना रद्द केल्याचं पत्र आणि वह्या दोन्ही परत मिळाल्या. वह्या परत हव्यात असं अर्जात आधीच लिहा. मी लिहिलं होतं, म्हणून विचारायची वेळ आली नाही.

स्कॅन केलेली पानं टॅबवर टाकून अण्णांना दिली आहेत. त्यांचा दिवस आता त्यातच जातो. अक्षर मोठं करून बघता येतं याचं त्यांना फार अप्रूप. परवा रात्री साडेदहाला हाक आली. जाऊन बघते तर 1974 चं एक पान उघडं, आणि अण्णा चष्मा कपाळावर चढवून बोटावर मोजतायत.

"ही बेरीज माझी आहे," म्हणाले. "चुकलीय. शेजारच्या शेठना अडीच घनफूट कमी गेलं."

मी म्हटलं, अण्णा, पन्नास वर्षं झाली.

"त्यांचा नातू घोडबंदरला राहतो ना? उद्या फोन लाव."